लॉन लावताना गवत सगळ्यात शेवटी आणा

जून उजाडला की मला दोन-चार फोन ठरलेले असतात. "गवत आणून ठेवलंय, माळी उद्या येतोय, खाली कोणतं खत घालू?" मी विचारते, लव्हाळा, म्हणजे ते गाठींचं चिवट तण, काढला का? पलीकडे शांतता. उतार कुठे काढलाय? "उतार? जागा सपाटच आहे की." मग दिवाळीत तोच फोन पुन्हा येतो: मध्ये पिवळं पडलंय, कडेला तण आहे आणि एका कोपऱ्यात पाणी साचतं.

घरापुढचं लॉन बिघडतं ते बहुतेक वेळा गवत यायच्या आधीच्या तीन महिन्यांत. म्हणून या लेखात त्या तीन महिन्यांवरच जास्त जोर आहे. सगळी मापं २० बाय २५ फूट, म्हणजे ५०० चौरस फुटांच्या लॉनसाठी धरली आहेत. आपल्या जागेप्रमाणे कमीजास्त करा. हिशेब घाटावरच्या काळ्या किंवा मुरमाड जमिनीचा आहे. कोकण-गोव्याचं थोडं वेगळं, ते लावणीच्या टप्प्यात सांगते.

टप्पा १: ऊन मोजा, मग जागा आखा (मार्च)

सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता अंगणात चुन्याने सावलीची कड आखा. जिथे रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन मिळतं, तेवढ्याच जागेत लॉन करा. उरलेल्या भागात फरशी टाका, कुंड्या ठेवा किंवा सावलीत येणारी झाडं लावा. आंब्याच्या दाट सावलीखाली लॉन धरून ठेवणं म्हणजे दरवर्षी गवत विकत घेणं. माझ्या ओळखीच्या एका घरात चौथ्यांदा लावून झालं आहे.

थांबा: उन्हाळ्यात केलेली मोजणी फसवते. घराच्या उत्तरेला असलेल्या अंगणात मे महिन्यात भरपूर ऊन दिसतं, पण डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलला की त्याच जागेवर घराची सावली दिवसभर हलत नाही. उत्तरेचं अंगण असेल तर भिंतीपासूनचा आठ-दहा फुटांचा पट्टा सोडूनच द्या.

झाडांच्या बुंध्यापर्यंतही लॉन नेऊ नका. प्रत्येक झाडाभोवती निदान दोन फूट त्रिज्येचं आळं मोकळं ठेवा. लॉनला झाडापेक्षा कमी दिवसांनी पाणी लागतं, झाडाला भरपूर पण सावकाश. दोघांना एकाच पाइपाने सांभाळायला गेलं की बुंधा सतत ओला राहून कुजतो.

टप्पा २: खणा, राडारोडा काढा, उतार द्या

नव्या बंगल्याच्या अंगणात वरची चार इंच माती दिसायला छान असते. खाली विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, टाइल्सच्या खापऱ्या आणि प्लॅस्टिकच्या गोण्या निघतात. पहारीने एक फूट खणून हे सगळं बाहेर काढा. सिमेंट-चुन्याने मातीचा सामू (पीएच) वाढतो, आणि आपल्याकडची काळी माती आधीच चुनखडीची असते. तसल्या मातीत गवताला लोह घेता येत नाही. पुढे "खत घालूनही पिवळं" ही जी तक्रार येते, तिचं मूळ इथे असतं.

याच वेळी माती तपासायला द्या. पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी 'व्ही' आकाराचा खड्डा घ्या, त्याच्या कडेची माती खरवडून एकत्र करा आणि त्यातली अर्धा किलो पिशवीत भरा. कृषी महाविद्यालयं आणि कृषी विज्ञान केंद्रांत माती तपासून मिळते. सामू आणि क्षारता हे दोन आकडे तरी हातात असू द्या.

निचरा बघायला एक फूट खोल खड्डा करून पाण्याने भरा. ते मुरलं की पुन्हा भरा. दुसरं पाणी तीन-चार तासांत उतरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळीही तळाशी पाणी दिसत असेल तर लॉनच्या खालच्या कडेने फूटभर खोल चर काढा, त्यात खडी भरा आणि त्याचं तोंड गटाराकडे द्या.

उतार घरापासून बाहेरच्या बाजूला, १० फुटांना एक ते दीड इंच. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. दोन खुंट्या ठोका, सुतळी ताणा आणि गवंड्याची पाण्याची लेव्हल-पाइप लावून बघा.

तपासा: उतार काढल्यावर नळी सोडून पाणी कुठून कुठे जातं ते प्रत्यक्ष पाहा. जिथे डबकं होतं तिथे खुणेची काडी रोवून ती जागा आत्ताच भरा.

टप्पा ३: लव्हाळा (मार्च ते मे)

याच टप्प्यावर सगळ्यात जास्त लॉन हरतात, म्हणून जरा थांबून वाचा.

माळी सांगतो, "ताई, गवत एकदा धरलं की लव्हाळा आपोआप दबतो." दबत नाही. माझं पहिलं लॉन याच भरवशावर गेलं. ट्रकने 'शेतातली चाळलेली माती' आणली होती, दिसायला बुंदीसारखी मोकळी. बाराव्या दिवशी तिच्यातून हिरव्या सुया वर आल्या. एक पात धरून ओढली तर जमिनीलगत तुटून हातात आली; आठवड्यात तिच्या जागी तीन. मग खुरपं घेऊन एकीच्या मागे सावकाश खणत गेले. इंचभर खाली छोटा कांदा, त्याला दोऱ्यासारखं पांढरं मूळ, पुढे काळपट गाठ, तिच्यापासून आणखी एक दोरा, आणखी एक गाठ. वीतभर खोलीपर्यंत पाच गाठी मोजल्या. गाठ फोडली तर उटण्याचा वास आला. येणारच, उटण्यात पडतो तो नागरमोथा म्हणजे याच गाठी.

पात खुडली की गाठीतला पुढचा डोळा जागा होतो. कुदळीने जमीन उलथली की साखळी तुटते आणि प्रत्येक गाठ स्वतंत्र रोप बनते. म्हणून नुसतं खणून किंवा नुसतं निंदून लव्हाळा वाढतो. त्याला आधी उगवू द्यायचं आणि मग गाठीसकट काढायचं.

१. खणलेल्या जागेला भरपूर पाणी द्या आणि १५ दिवस सोडून द्या. तण मुद्दाम उगवू द्या.

२. पाती बोटभर झाल्या की जमीन ओलसर असतानाच काटेरी फावड्याने माती खालून उचला आणि पातीचा माग काढत गाठी वेचा. मुलांना गाठीमागे एक रुपया देऊ केला तर काम लवकर होतं, हा अनुभव आहे.

३. पुन्हा पाणी, पुन्हा १५ दिवस, पुन्हा वेचणी. निदान तीन फेऱ्या तरी.

४. शेवटच्या फेरीनंतर माती भिजवून सपाट करा. वर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक ताणून अंथरा आणि चारही कडा मातीत गाडून हवाबंद करा. ऐन उन्हात चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. तणांचं बी आणि पुष्कळशी बुरशी त्या उष्णतेत मरते.

थांबा: काळं प्लॅस्टिक वापरू नका. त्याखाली माती तेवढी तापत नाही, आणि लव्हाळ्याचं टोक इतकं अणकुचीदार असतं की ते अंधारात सरळ प्लॅस्टिक फोडून वर येतं. पारदर्शक कागदाखाली त्याला उजेड मिळतो, पानं तिथेच उलगडतात आणि कागदाखाली होरपळतात. खोलवरच्या गाठी मात्र यातूनही वाचतात. वेचणीला ही पळवाट समजू नका.

मार्चमध्ये सुरुवात केली नसेल तर काय? तर या वर्षी लॉन लावू नका. ऐकायला कडू आहे, पण लव्हाळ्यावर लावलेलं लॉन दोन पावसाळ्यांत उखडून टाकावं लागतं.

टप्पा ४: माती भरा आणि बसू द्या (मेअखेर)

५०० चौरस फुटांवर सहा इंचांचा थर म्हणजे २५० घनफूट, अर्थात अडीच ब्रास. यात पाऊण ब्रास पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत आणि उरलेली पोयट्याची किंवा लाल माती असं गणित ठेवा. सोबत १० किलो निंबोळी पेंड आणि २ किलो सिंगल सुपर फॉस्फेट वरच्या चार इंचांत मिसळा. तयार होणारी माती बसते, त्यामुळे अर्धा ब्रास जादा मागवून ठेवा.

विकतची माती घेताना ढिगाच्या पोटातली ओंजळभर घेऊन पाण्यात कालवा आणि गाठी आहेत का बघा. शक्य असेल तर दोन घमेली आधी आणून, भिजवून, पंधरा दिवस निरखा. ट्रकवाला हसेल. हसू द्या.

इथे तीन चुका हमखास होतात. पहिली ताज्या शेणाची: त्यात तणाचं बी असतं आणि हुमणीला (मुळं खाणाऱ्या अळीला) व वाळवीला आमंत्रण मिळतं. कुजलेलं खत काळं, मोकळं असतं, त्याला पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. शेणाचा वास येत असेल तर ते तयार नाही. दुसरी चूक वाळूची. चिकण काळ्या मातीत चार घमेली वाळू टाकून ती भुसभुशीत होत नाही, उलट वाळल्यावर विटेसारखी होते. तिथे कंपोस्टच उपयोगी पडतं. तिसरी म्हणजे ओल्या मातीत काम करणं. वाफसा येऊ द्या. मूठभर माती दाबा: गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारताच फुटला तर वाफसा आहे, फुटण्याऐवजी नुसता दबला तर अजून दोन दिवस थांबा.

मग दंताळ्याने सपाट करा, पाणी द्या, दोन दिवसांनी हलका रोलर फिरवा. रोलर नसेल तर पाण्याने भरलेलं पत्र्याचं पिंप आडवं लोटूनही चालतं. पुन्हा खळगे भरा, पुन्हा पाणी, पुन्हा रोलर.

तपासा: मातीवर टाचेवर जोर देऊन उभे राहा. टाच अर्ध्या इंचापेक्षा जास्त रुतली तर माती अजून बसलेली नाही. अशा मातीवर लावलेलं लॉन पहिल्याच पावसात वरखाली होतं आणि मग कापणीयंत्र उंचवटे खरवडतं.

टप्पा ५: आता गवत

नर्सरीतल्या नावांवर फार विसंबू नका. एकच गवत दोन ठिकाणी दोन नावांनी मिळतं. पात बघा. बारीक, मऊ, लांब धावणाऱ्या पेरांची 'सिलेक्शन वन' ही आपल्या हरळीच्याच कुळातली. तिला पूर्ण ऊन हवं. ती पायदळी तुडवलेली सोसते, पण वारंवार कापावी लागते. दाट, टोकाला जरा टोचणारं, सावकाश वाढणारं 'मेक्सिकन' ज्यांना दर आठवड्याला यंत्र फिरवायचं नाही त्यांच्यासाठी बरं. रुंद पानांची सावलीची गवतं थोडी सावली चालवून घेतात, गालिच्यासारखी दिसत नाहीत.

लावणी दोन प्रकारे होते. तयार लॉनचे चौकोनी तुकडे महाग पडतात, पण झटपट दिसतात. ते लावताना विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवत बसवा आणि फटींत चाळलेली माती भरा. दुसरी पद्धत म्हणजे कांड्या टोचणं: दोन-तीन पेरांची कांडी, तीन-चार इंचांवर एक, दोन पेरं मातीत आणि शेंडा बाहेर. पैसे वाचतात आणि गवत जमिनीशी एकजीव होतं. मी दुसरी पद्धतच निवडते.

वेळ म्हणजे मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर. कोकणात आणि गोव्यात मात्र जून-जुलैच्या मुसळधार पावसात कांड्या वाहून जातात. तिथे पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर लावा. जांभ्याची माती आम्ल असते, म्हणून माती तपासणीत सामू कमी निघाला तर लावणीच्या महिनाभर आधी चुना मिसळावा लागतो. घाटावर मात्र मातीत चुना घालू नका.

थांबा: गवताच्या तुकड्यांची मागची बाजू प्रत्येक वेळी उलटून बघा. त्यात लव्हाळ्याची एकच गाठ असली तरी मागचे तीन महिने पाण्यात.

टप्पा ६: पहिले चाळीस दिवस

पहिले दहा दिवस वरचा इंच कधीच सुकू द्यायचा नाही. उघडीप असेल तर दिवसातून दोनदा झारीने किंवा बारीक फवाऱ्याने पाणी द्या. पाइपाच्या धारेने कांड्या उपटतात. त्यानंतर पाणी हळूहळू लांबवा. या काळात लॉनवर पाय नको. निंदायला उतरायचंच असेल तर फळी टाकून तिच्यावर बसा. तण लहान असतानाच हाताने काढा, तणनाशक या वयात नको.

तपासा: कांडीला हलकेच वर ओढा. अडकून राहिली तर मूळ धरलं आहे, सहज निघाली तर अजून आठ दिवस सांभाळा. गवत अडीच-तीन इंच झाल्यावर पहिली कापणी, तीही नुसते शेंडे.

टप्पा ७: पाणी, मोजून

रोज संध्याकाळी दहा मिनिटं पाइप धरून उभं राहणं हा छंद म्हणून चांगला आहे. गवताला त्याचा तोटा होतो. वरची अर्धा इंच माती भिजते, मुळं वरच राहतात आणि चार दिवस गावाला गेलात की लॉन करपतं. शिवाय रात्रभर ओली राहिलेली पाती बुरशीला सोयीची.

एक इंच पाणी म्हणजे ५०० चौरस फुटांना सुमारे ११८० लिटर. हिवाळ्यात आठवड्याला जेमतेम एवढं पुरतं. एप्रिल-मेमध्ये दीड इंचापर्यंत लागतं. हे दोन-तीन पाळ्यांत, पहाटे द्या. आपला फवारा किती पाणी देतो हे कळण्यासाठी लॉनवर चार-पाच ठिकाणी सरळ कडेचे डबे ठेवा, अर्धा तास फवारा चालवा आणि पट्टीने पाणी मोजा. एका डब्यात अर्धा इंच आणि दुसऱ्यात पाव असेल तर फवाऱ्याची जागा बदला.

एक लांब स्क्रूड्रायव्हर यासाठी राखून ठेवा. पाणी दिल्यावर तासाभराने तो चार-सहा इंच सहज शिरला पाहिजे. गवताला तहान लागली की ते निळसर-करडं दिसतं आणि चालल्यावर पावलांचे ठसे बराच वेळ उमटून राहतात. तेव्हाच पाणी द्या.

थांबा: आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी लॉनवर सोडू नका. नळाच्या पाण्यातले क्षार त्यात एकवटलेले असतात. बोअरचं पाणी जड असेल तर मातीवर पांढरी खपली धरते का यावर लक्ष ठेवा.

टप्पा ८: कापणी

एकच नियम, आणि तोच मोडला जातो: एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त कापू नका. महिनाभर वाढू देऊन मग माळ्याकडून 'टकलू' करून घेतलं की खालचे पिवळे दांडे उघडे पडतात, उन्हात भाजतात आणि मोकळ्या जागेत तण येतं. सिलेक्शन वन एक ते दीड इंचावर, मेक्सिकन दीड-दोन इंचांवर, सावलीचं रुंद गवत अडीच-तीन इंचांवर ठेवा. उन्हाळ्यात यापेक्षा अर्धा इंच उंच.

कापल्याच्या दुसऱ्या दिवशी पातीचं टोक जवळून बघा. सरळ कापलेलं असेल तर पातं धारदार आहे. टोकाला पांढुरके-तपकिरी तंतू लोंबत असतील तर पात्याने गवत कापलेलं नसून फाडलं आहे. ओलं गवत कापू नका. तसंच माळी स्वतःचं यंत्र घेऊन येत असेल तर पातं आणि चाकं आधी धुऊन घ्यायला सांगा, कारण शेजारचं तण त्यावर बसूनच तुमच्याकडे येतं.

टप्पा ९: खत आणि पिवळेपणा

पिवळं दिसलं की युरिया, ही सवय सोडा. आधी पिवळं काय झालंय ते बघा. जुनी, खालची पानं सरसकट फिकट असतील तर नत्र कमी आहे. कोवळी, वरची पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील तर लोह कमी आहे; त्यावर युरियाचं पोतं रिकामं केलं तरी फरक पडणार नाही.

नत्रासाठी ५०० चौरस फुटांना एका वेळी पाव किलो युरिया, जास्तीत जास्त अर्धा. तो दुप्पट बारीक मातीत मिसळा, कोरड्या पातीवर, अर्धा उभा आणि अर्धा आडवा फेकत जा आणि लगेच पाणी द्या. मुठीतून पडलेल्या ढिगाच्या जागी दोन दिवसांत जळका गोल ठिपका उमटतो, माळी कुठे उभा होता ते अचूक कळतं. लोहासाठी लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल घालून संध्याकाळी फवारा. फरशीवर उडालं तर गंजाचे डाग जात नाहीत, आधी गोणपाट टाका.

टप्पा १०: पावसाळा आणि हुमणी

पावसाळ्यात खत थांबवा, कापणी उघडीप बघून, ओल्या लॉनवर चालणं टाळा. उगवलेल्या छत्र्या गवताला त्रास देत नाहीत. उपटून टाका, खाऊ मात्र नका.

लक्ष ठेवायचं ते हुमणीवर. पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला कडुनिंब-बाभळीवर तपकिरी भुंगेरे जमतात. फांदी हलवून ते पाडा आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. तेव्हा सोडले तर ऑगस्ट-सप्टेंबरात लॉनवर पाणी देऊनही सुकणारे पट्टे दिसू लागतात. तसा पट्टा हाताने उचलून बघा. सतरंजीसारखा सुटून आला तर मुळं खाल्लेली आहेत. खाली अर्धचंद्रासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या पांढुरक्या अळ्या सापडतील. एका चौरस फुटात चार-पाचांपेक्षा जास्त असतील तर उपाय हवा. मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी कुजलेल्या खतात मिसळून ओल्या मातीत द्या. ती अळ्या लहान असताना चांगली लागू पडते, म्हणून उशीर नको.

टप्पा ११: वर्षातून एकदा खरवड (फेब्रुवारी)

थंडी सरली की गवत नेहमीपेक्षा खाली आणा, पण दोन-तीन कापण्यांत. लोखंडी दंताळ्याने साचलेला वाळका थर ओढून काढा. काटेरी फावड्याने दर चार-सहा इंचांवर चार इंच खोल भोकं पाडा. मग चाळलेली माती आणि शेणखत निम्मं-निम्मं मिसळून पाव इंचाचा थर द्या. ५०० चौरस फुटांना साधारण दहा घनफूट लागतं. थर देऊन झाल्यावर झाडूने घासा, म्हणजे माती पातींवरून खाली उतरते.

तपासा: थर दिल्यावर पातींचे शेंडे सगळीकडे वर दिसले पाहिजेत. जिथे नुसती माती दिसते तिथे थर जाड झाला आहे, ओंजळीने उचलून खळग्यात टाका. आणि पंधरा दिवसांनी सकाळच्या तिरप्या उन्हात लॉनवर एक फेरी मारा. गवतापेक्षा उंच, तकतकीत, तीन कडांच्या दांड्याची एखादी पात दिसली तर ती ओढू नका. खुरपं आणा.